दादांनी डॉक्टरीणबाईंना दिलेलं उत्तर

माझा थोरला मुलगा चार वर्षांचा होईपर्यंत मी स्वतःची समजूत घालत राहिले. त्याला आंघोळ घालताना हात तिथे थबकायचा. खालची पिशवी दोन्ही बाजूंनी रिकामी, अंडं उतरलेलीच नव्हती. सासूबाई म्हणायच्या, "उतरतील गं आपसूक. काय काय पोरांची उशिरा उतरतात." पण उतरली नाहीत. शेवटी कर्जतच्या आमच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्यायला सांगितलं.

आम्ही भिसेगावात एकत्र राहायचो. माझे यजमान रेल्वेत, ठाकुरवाडीकडे रुळांच्या देखभालीवर. पावसाळ्यात घाटात दरडी येतात, तेव्हा त्यांना सुट्टी मिळायची नाही. म्हणून माझ्याबरोबर थोरले दीर आले. त्यांना मी दादा म्हणायची. खालापूरला सरकारी कचेरीत ते कारकून होते. अंगाने धिप्पाड, बोलणं कमी. लग्नाला बरीच वर्षं होऊनही त्यांना मूल नव्हतं, आणि त्याचा बोल जाऊबाईंना लागायचा. बारशाला बायका त्यांना मागे बसवत. आम्ही बौद्ध झालो, देव्हारे गेले, पण ही रीत काही घरातून गेली नाही. दादांसमोर मी डोक्यावरून पदर घेऊन, कामापुरतंच बोलायची.

इस्पितळात डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी हात चोळून गरम केले, पोराशी गप्पा मारत त्याचं पोट, जांघा हळूहळू चाचपल्या. मग म्हणाल्या, "हाताला काहीच लागत नाही. वृषण आत पोटात अडकलेत की मुळातच नाहीत, हे असं सांगता येणार नाही. आधी रक्त घेऊ. मग काही दिवस हार्मोनची इंजेक्शनं द्यायची आणि पुन्हा रक्त घ्यायचं."

मला काही उमगलं नाही. त्यांनी ते ओळखलं. "असं समजा, बंद घरासमोर उभं राहून हाक मारायची. आत कुणी असेल तर ओ देईल. इंजेक्शन ही हाक. वृषण असले तर पुरुषाचं हार्मोन रक्तात वाढेल. ते वाढलं की कळलं, आत आहेत."

मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं होतं?"

मी लगेच नाही म्हणून टाकलं. दादा खुर्चीच्या कडेला बसले होते. त्यांनी पोराला मांडीवरून उतरवून माझ्याकडे दिलं.

"मला हाय," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंनी. कधी कुणाला दाखवलं नाय."

"मुलं?"

"नायत. त्यात बायकोचा दोष नाय."

मी खाली फरशीकडे बघत राहिले. परक्या बाईसमोर, धाकट्या भावाच्या बायकोसमोर, एका चाळिशीच्या माणसाने हे सांगितलं. आवाज चढला नाही, कापला नाही. बाईंनीही ते तितक्याच साधेपणाने लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. तुम्हालाही तपासून घ्यायला हवं."

घरी आल्यावर दादांनी चहाही घेतला नाही. सासूबाई तांदूळ निवडत होत्या, शेजारी जाऊबाई होत्या. त्यांच्यासमोर बसून त्यांनी जे इस्पितळात सांगितलं तेच सांगितलं. सासूबाईंचे हात थांबले. त्यांनी जाऊबाईंकडे पाहिलं.

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"मग येवढं बोलले तुला, तू बोलली का नाय गं?"

"त्यांचं व्हतं ते. त्यांनी सांगायचं."

सासूबाईंनी सूप बाजूला सारलं. त्या रात्री त्यांनी स्वतः जाऊबाईंचं ताट वाढलं आणि त्या जेवेपर्यंत समोरून हलल्या नाहीत.

इंजेक्शनं कर्जतलाच द्यायची होती. औषध थंड ठेवावं लागे. शेजारच्या मास्तरांकडे फ्रिज होता, तिथे बाटल्या ठेवल्या. सुईच्या दिवशी दादा कचेरीत उशिरा जायचे. पोराला खांद्यावर घेऊन दवाखान्यात न्यायचे आणि सुई टोचेपर्यंत त्याला खालापूरच्या बसच्या गमती सांगायचे. पोरगा रडायचा तो रडायचाच, पण दादांकडेच जायचा.

दुसऱ्यांदा रक्त दिल्यावर निकालाला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत मला जेवण गोड लागलं नाही. बाईंनी कागद वाचला आणि मान वर करून म्हणाल्या, "हार्मोन चांगलं वाढलंय. आहेत आत." मी पदराने तोंड झाकून घेतलं. दादा म्हणाले, "आता फुडं काय करायचं ते सांगा."

पुढे दोन शस्त्रक्रिया झाल्या, एकेका बाजूची. दोन्ही वृषण खाली आले. दादांचंही त्याच वर्षी ऑपरेशन झालं. आत राहून खराब झालेला त्यांचा एक वृषण काढून टाकावा लागला. मुलाची आशा आता धरू नका, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. जाऊबाईंनी ते शांतपणे ऐकलं. मला म्हणाल्या, "मानूस धड हाय ना, झालं."

माझा मुलगा आज दोन लेकरांचा बाप आहे. पण मला जास्त आठवतं ते मधल्या काळातलं. वस्तीतला एखादा बाप संध्याकाळी आमच्या अंगणात यायचा, इकडचं तिकडचं बोलायचा, आणि मग हळूच दादांना बाजूला घेऊन आपल्या पोराच्या अशाच तक्रारीबद्दल विचारायचा. दादा त्याला एवढंच म्हणायचे, "सकाळी तयार ऱ्हा. मी येतो बरोबर."