आक्काचा बाभळीचा बाक

आक्काच्या गावचा माणूस सांगावा घेऊन सांगलीला आला, तेव्हा मी वर्गात फळ्यावर नद्यांची नावं लिहीत होतो. "मास्तर, आक्का गेल्या," एवढंच तो म्हणाला. थोरली बहीण गेली की माणूस रडतो, मटकन खाली बसतो. मी त्याला विचारलं, "बाकावर बसली होती का ती?" तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला... त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! आज महिना उलटला, तरी त्या प्रश्नाची माझी मलाच लाज वाटते.

गेल्या भादव्यात मिरजेच्या डॉक्टरांनी आक्काला क्षय असल्याचं सांगितलं. या रोगावर औषध असं काही अजून निघालेलंच नाही. दूध, अंडी, विश्रांती आणि मोकळी हवा. दाजींनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, त्याच संध्याकाळी तिची बाज अंगणात लिंबाखाली आणून टाकली. पण सुतळीच्या त्या झोळात तिला ताठ बसता येईना, खोकल्याची उबळ आली की जीव कासावीस व्हायचा. दसऱ्याला गेलो तेव्हा म्हणाली, "निजून निस्तं आभाळच दिसतंय रं बाळू. मला जाणारी-येणारी मानसं बघायची हायत. पाठ टेकायला एक बाक करून द्या की." उभ्या जन्मात तिनं तोंडानं मागितलेली ही पहिली वस्तू असेल. लग्नातलं लुगडंसुद्धा तिनं न बघता नेसलं होतं.

मी म्हटलं, सांगलीत सागवानी बाक तयार मिळतो, आठवड्यात घेऊन येतो. पण दाजी ऐकतील तर शपथ. फौजेत राहून आलेला गडी, पण हाडाचा शेतकरी. "मास्तर, सागवान दिवाणखान्यात. उनापावसात बाभळच पायजे." त्यांनी बांधावरची जुनी बाभळ पाडली आणि बैलगाडीच्या लाकडाला करतात तसं सगळं रीतसर आरंभलं. आधी ओंडके ओढ्याच्या डोहात बुडवले, म्हणजे भुंगा लागत नाही. संक्रांतीपर्यंत ते पाण्यातच. मग फळ्या पाडून सावलीत वाळत घातल्या. घाई केली तर वर्षात चिरा जातील, म्हणायचे. मी दर खेपेला विचारायचो, आणि ते फळीवर बोटं वाजवून सांगायचे, "अजून ओल हाय." दर खेपेला आक्काचा आवाज आणखी बारीक झालेला असायचा. मी मॅट्रिक शिकलेला माणूस, पण "दाजी, तिच्यापाशी वर्ष नाही" एवढं एक वाक्य मला बोलता आलं नाही. टिकाऊ बाक करायचा म्हणजे ती जगणार, असं ते धरून चालले होते. ते मोडायची माझी छाती झाली नाही. चैत्र सरता सरता बाक झाल्याचं कार्ड आलं, आणि पंधरा दिवसांत हा सांगावा.

तेरावं उरकून पाहुणे पांगले, तेव्हा दाजी बाकाच्या पायांना जवसाचं तेल चोळत बसले होते. वाळवी चढू नये म्हणून खाली दगडही दिले होते. मी न विचारताच बोलले, "बसली व्हती. एकच डाव. मीच उचलून आणली. दूध तापाया येळ लागंल तेवढंच बसली. हात फिरवून म्हणाली, आवं, एवढा टिकाऊ कशापायी केलासा?"

त्यांनी फडकं बाजूला ठेवलं, एका टोकाला बसले आणि शेजारची जागा हातानं पुसली. "बसा."

मी उभाच राहिलो. तिची जागा म्हणून मी बसत नाही, असं त्यांना वाटलं. डोळे पुसत म्हणाले, "लय जीव व्हता तुमचा तिच्यावर." मी मान खाली घातली. खरं सांगतो, मला क्षयाची भीती वाटली. दसऱ्यापासूनच वाटत होती. आजारपणात मी आक्काच्या जवळ एकदाही बसलो नाही, चार हात लांब उभ्यानंच बोलून परत फिरायचो. तिला ते कळत असणार. बोलली कधी नाही.

परवा पुन्हा जाऊन आलो. बाक झकास आहे, पंचवीस वर्षं सहज काढेल. मी अजून त्याच्यावर बसलेलो नाही.