मूकपटाला मी आवाज दिला त्याची गोष्ट

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला हे नीट क्रमाने सांगता येईल. मी माणूस क्रमाचा. गेली एकोणतीस वर्षं रोज वही लिहितो. किती वाजता उठलो, वारा कुठून होता, बांगडा ताजा होता की नाही, सगळं. आमची ही, म्हणजे सुनंदा, नेहमी विचारते, “हे वाचणार कोण?” या प्रश्नाला माझ्याकडे एकोणतीस वर्षांत उत्तर नव्हतं.

ते मिळायची वेळ आली होती हो! तिथेच तर घोळ झाला.

आमच्या रत्नागिरीच्या एका वाचनालयाने जुना मूकपट दाखवायचं ठरवलं. ग्रंथपाल पेठेबाई म्हणाल्या, “मूकपटाच्या काळात पडद्याशेजारी उभा राहून एक माणूस गोष्ट सांगायचा. पेटी-तबला वाजायचा. बोलपट आला आणि बिचारे सगळे घरी बसले. आपण तसाच खेळ करू. निवेदन तुम्ही करा. तुमच्याइतकं बारकाईने वहीत टिपून कोण करणार?”

एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझी वही मागत होतं! मी ‘हो’ म्हणालो तेव्हा माझा आवाज थोडा कापला, हेही वहीत आहे.

बाईंनी पेनड्राइव्ह दिला. मी घरच्या टीव्हीवर सिनेमा अकरा वेळा पाहिला. गोष्ट राजघराण्यातली. प्रत्येक प्रसंगापुढे मिनिट लिहिलं. चौदाव्या मिनिटाला राजपुत्राचं लग्न. एकविसाव्याला म्हाताऱ्या महाराजांचा मृत्यू. चाळिसाव्याला पाळण्यात साप. बासष्टाव्या मिनिटाला शेवट गोड.

“पडद्याकडे बघून बोला की सरळ,” सुनंदा म्हणाली.

“प्रेक्षकांना पाठ दाखवू? घड्याळ आहे, वही आहे. चूक व्हायला जागाच कुठे?”

“तुम्ही आहात ना!” ती म्हणाली.

शेजारच्या हसनचाचांना मी स्वतः आमंत्रण दिलं. चाचांनी सगळी उमर जहाजावर इंजिनपाशी काढली आणि कान तिथेच ठेवून आले. आता कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून मी त्यांच्याशी वहीच्या मागच्या पानावर लिहून बोलतो. लग्नकार्यात, सभेत ते जात नाहीत. म्हणतात, नुसती हलणारी तोंडं किती बघायची? मी लिहिलं, ‘सिनेमा आहे. आवाज नसलेला.’

चाचांनी दोनदा वाचलं. “आवाजच नाय? म्हणजे सगळ्यांनाच माझ्यासारखं बघायचं?” त्यांचा चेहरा असा खुलला! “मग येणार रे बाबा. इस्त्रीचा सदरा घालून येणार.”

रविवारी पाच वाजता खेळ. सभागृह भरलेलं. चाचा पहिल्या रांगेत. पडद्याच्या एका बाजूला मी, डाव्या हातात वही, उजव्यात बॅटरी. माझ्या पायाशी पेटीवर भजनी मंडळातले तात्याबुवा. त्यांचीही पाठ पडद्याकडे. मी त्यांना बजावलं होतं, “बुवा, तुम्ही फक्त माझ्या बोलण्यावर चाला.”

सिनेमा सुरू झाला. मी घड्याळ लावलं. सुरुवात झकास! पण चौदाव्या मिनिटाला मी म्हणालो, “आणि वाजतगाजत लग्नाचा दिवस उजाडला!” तर लोक जरा गप्पच. कोकणी माणूस, चटकन कौतुक करायचा नाही. मी मनावर घेतलं नाही.

मग एकविसावं मिनिट. मी आवाज खोल नेला. “आणि... महाराजांनी प्राण सोडले.”

बुवांनी लगेच रडका सूर धरला. आणि सभागृहात हशा पिकला!

आता मला सांगा, मरणाला कुणी हसतं का? मी आधी सदऱ्याची बटणं चाचपली. मग पँटची चेन. सगळं जागच्या जागी होतं. वाटलं, दुःख कमी पडलं असेल. म्हणून आणखी ओतलं. “ते तोंड पुन्हा अन्नाला लागणार नव्हतं! राज्य पोरकं झालं!”

हशा दुप्पट.

“अहो, कोण मेलं?” मागून एक बाई ओरडली. “लाडू खातायत ते! दुसरा घेतला बघा!”

मी मान वळवून वर पाहिलं. पण पडद्याला इतकं खेटून उभं राहिलं की दिसतं काय? एक भलंमोठं पांढरं नाक. ते मेलेल्याचं की जेवणाऱ्याचं, कसं ओळखायचं? वहीत मृत्यू स्पष्ट लिहिला होता. मी वहीवर विश्वास ठेवला.

चाळिसाव्या मिनिटाला मी म्हणालो, “आणि पाळण्यात सरसरत शिरला तो काळसर्प!” यावेळी कुणी हसलं नाही. उलट गलका झाला.

“खंय? कुठे आहे साप?”

“दिसत नाही हो! राणी तर झोका देतेय!”

“बाय गो, पोर उचल आधी!”

पुढच्या दोन-चार मिनिटांत मी राणीकडून साप मारवला, बाळ वाचवलं, तरी लोक पडद्यावर साप शोधतच होते. आणि पुढे खरा साप आला, तेव्हा मी राज्याभिषेकाचं वर्णन करत होतो. बुवा हळूच म्हणाले, “काय वाजवू हो? आनंद की भीती?”

“वहीत आनंद आहे,” मी म्हणालो.

बासष्टावं मिनिट. मी वही मिटली. “आणि सगळे सुखाने नांदू लागले. धन्यवाद!” लवून नमस्कार केला.

दिवे लागेनात. सिनेमा चालूच! प्रेक्षकांतून आवाज आला, “सुखाने कसे? राजपुत्राच्या पायात बेड्या घालतायत! पुढे काय?”

“मला काय माहीत?” माझ्या तोंडून निघून गेलं. “माझ्या वहीत संपला!”

पुढची एकवीस मिनिटं मी तिथेच उभा. बोलायला काही नाही, बसायला खुर्ची नाही. बुवांनी पेटी मिटली. आणि सगळं सभागृह चिडीचूप सिनेमा बघू लागलं. शेवटी राणी त्याला भेटली तेव्हा बायका डोळे पुसत होत्या. तेवढाच भाग लोकांना आवडला, हे मला नंतर चौघांनी आवर्जून सांगितलं.

मशीन चालवणारा कदम म्हणाला, “काका, तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे. चाल आजच्यापेक्षा धिमी. बोलपट आला आणि आवाज बिघडू नये म्हणून एकच वेग बांधून टाकला. तुमच्या पेनड्राइव्हवरची प्रत या नव्या वेगाने पळत होती. मी इथे मूळ वेगाने दाखवला. त्र्याऐंशी मिनिटं.”

म्हणजे माझं मिनिट न् मिनिट बरोबर होतं, फक्त दुसऱ्या सिनेमाचं! बोलपटामुळे ते गोष्ट सांगणारे घरी बसले, याचं मला फार वाईट वाटायचं. आता शंका येते, त्यांना घरी बसवायलाच लोकांनी बोलपट काढला असेल.

सुनंदाने कदमचे मनापासून आभार मानले. ते जास्त लागलं.

तेवढ्यात हसनचाचा आले. डोळे ओले, चेहरा उजळलेला. माझा हात गच्च धरला. “बाबा रे, किती वर्षांनी अख्खी गोष्ट कळली! राजा, राणी, साप, तो हरामखोर प्रधान, सगळे कळले. फक्त एक पात्र नाय कळलं. तू. बॅटरी घेऊन कोपऱ्यात काय करत होतास?”

मी वहीचं मागचं पान उघडून लिहिलं, ‘मी गोष्ट सांगत होतो. बोलून.’

चाचांनी वाचलं. पुन्हा वाचलं. माझ्याकडे मोठ्या काळजीने पाहिलं.

“मूकपटात?”