कोण गं हे?

लालबागेतल्या आमच्या शाळेला दोन दारं होती, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत पुढचं दार बंदच असे. रस्त्यावर गडबड झाली की मोठ्या बाई घंटा न देता वर्गावर्गात येऊन सांगत, "मागच्या दारानं. घरचं माणूस आल्याशिवाय एकही मूल सोडायचं नाही." पहिलीचा वर्ग माझा होता आणि मागचं दारही माझ्याकडेच होतं. मी गिरगावातून आलेली, नवी, आणि स्वतःच्या शिस्तीचा मला भारी तोरा. आलेल्या माणसाला काही विचारायचं नाही, मुलाला विचारायचं, ही माझी युक्ती. माणूस खोटं बोलेल, मूल कशाला बोलेल? "कोण गं हे?" "आत्या." जा. "कोण रे हे?" "काका." जा. मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं होतं.

त्या दिवशी नाक्यावर अश्रुधूर सोडला होता. मुलांचे डोळे चुरचुरत होते, मी एकेकाच्या तोंडावर पाणी मारत होते. तेवढ्यात एका मुलीला न्यायला एक माणूस आला. स्वच्छ सदरा, केस नीट विंचरलेले. मी विचारलं, "कोण गं हे?" ती खाली बघत म्हणाली, "मामा." मी कडी काढली. तिची पाटी बाकावरच राहिली होती. मीच हाक मारली, "अगं, पाटी!" तिनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "राहू द्या बाई, उद्या घेईल," तो माणूस म्हणाला. त्या कडीचा आवाज मला अजून ऐकू येतो, घरात कुणी साधं दार उघडलं तरी.

अर्ध्या तासानं तिची आई धापा टाकत आली, हाताला पीठ तसंच.

"तिला मामा घेऊन गेला की," मी म्हणाले.

"खंयचो मामा?" ती म्हणाली. "माका भाव नाय हो, बाई."

ती घरी खानावळ चालवायची. गिरणीत कामाला असलेले, बायकापोरं कोकणात ठेवून आलेले वीस-पंचवीस जण तिच्याकडे जेवायचे आणि तिला ताई म्हणायचे. मग ताईच्या पोरीचे ते सगळेच मामा. चाळीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते मला.

आम्ही दोघी गल्ल्यागल्ल्यांतून हाका मारत फिरलो. पोरगी सापडली ती तिच्याच चाळीच्या जिन्यात, खालच्या पायरीवर, एकटी. तिथे येऊन कधी बसली, कुणाला माहीत नव्हतं. अंगावर कुठे खरचटलेलंसुद्धा दिसत नव्हतं. शेजारणी म्हणाल्या, मिळाली ना, झालं तर. कुणीतरी माझ्या हातात चहा दिला आणि मी तो प्यायले. याची मला आजही लाज वाटते.

तो माणूस पुन्हा खानावळीत जेवायला आला नाही. मधल्या दीड तासात काय झालं ते आईनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला उत्तराची भीती वाटत होती. खरं सांगायचं तर नोकरीचीही.

पुढे चौथीपर्यंत ती माझ्या डोळ्यांसमोर होती. शाळा सुटली की बाकीची पोरं उधळायची, ही भिंतीला पाठ लावून उभी राहायची, आई दिसेपर्यंत. धड्यात 'मामा' आला की वाचताना थांबायची. मी तिला घाईघाईनं पुढचा शब्द सांगायची.

चौथी पास झाल्यावर ती शाळेचा दाखला न्यायला आली. आई बाहेर मोठ्या बाईंशी बोलत होती. खोलीत आम्ही दोघीच. इतकी वर्षं स्वतःला सांगत आले होते, तेच माझ्या तोंडून निघालं. "तू मामा म्हणालीस गं त्या दिवशी. नाहीतर मी तुला सोडलं असतं का?"

तिनं दाखल्याची नीट घडी घातली.

"तुम्ही कोण ते विचारलंत, बाई," ती म्हणाली. "जायचंय का, ते नाही विचारलंत."