धुवायचं पाणी

पीएच.डी.ला माझ्या वाट्याला भक्षक पेशी आल्या. बाहेरचं जे काही शिरेल ते गिळून टाकायचं, हा त्यांचा धंदा. त्यांच्यात नवं जनुक घालायचं म्हणजे चोरानं पोलीस चौकीत बिऱ्हाड थाटायचं. जनुक रुजलं तर पेशी हिरवी चमकणार होती. दिवाळीपर्यंत नाही जमलं तर सोप्या पेशी घे आणि विषय बदल, असं आमच्या मार्गदर्शक मॅडमनी सांगून टाकलं होतं. माझा तर या हट्टी बयांवर जीव जडला होता.

विषाणूच्या पाठीवर जनुक पाठवायला लागणारी बंदिस्त खोली आमच्याकडे नव्हती. चरबीच्या थेंबांत गुंडाळून पाठवलं, ते बयांनी मिटक्या मारत पचवलं. उरला विजेचा झटका. चिमुकल्या डबीत धातूच्या दोन पट्ट्या असतात, मध्ये पेशी. झटक्यानं पेशीला क्षणभर भोकं पडतात आणि जनुक आत शिरतं. मात्र डबीत क्षार नको, नाहीतर ठिणगी उडून पेशी शिजतात. आमच्या त्या दर वेळी शिजत होत्या.

वर्षं दुष्काळाची होती. शहर करमाडच्या दिशेनं पसरत होतं आणि जायकवाडी धरणाचं पाणी तळाला चाललं होतं. विभागात बोअरच्या पाण्याचा टँकर यायचा. डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र एका बाटलीपायी, वाफ गार करायला, बादल्याच्या बादल्या पाणी वाहून घालवायचं. ते वाहतं पाणी आम्ही पिंपात धरायचो आणि मॅडमसकट सगळे त्यानंच हातपाय धुवायचे.

डब्या धुवून पुन्हा वापरायच्या, हे काम माझ्या सीनियर ताईचं. ती पाचोड गावची, शेतकऱ्याघरची. एकदा मी डबी उजेडात धरली, तर पट्ट्यांवर पांढरट थर दिसला. आमच्या घरच्या बादलीवर बसतो तसाच, क्षारांचा.

"ताई, डब्या कशानं धुतेस गं?"

"पिंपातल्या पाण्यानं. मग स्पिरिट."

"डिस्टिल्डनं धुवायच्या असतात ना?"

"चांगलं पाणी धुण्याला वापरतं व्हय कुणी?"

मला हसू आलं, पण तिचं म्हणणं पटलंही. आमच्याही घरात प्यायचं पाणी वेगळं आणि वापरायचं वेगळं. प्यायच्या पाण्यानं कुणी भांडं विसळलं असतं तर दिवसभर बोलणी खावी लागली असती.

पातळ आम्लानं मी थर काढला आणि डिस्टिल्डची भरलेली बाटली हातात घेतली. ताई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"तू वत. मला नाय बघवत."

मी सगळी बाटली डब्यांवर ओतली. डबीत पेशी भरून झटका दिला, ठिणगी उडाली नाही.

दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक पेशी मेलेल्या दिसल्या. कडेला मात्र मोजक्या पेशी हिरव्या चमकत होत्या. माझा विषय वाचला होता. मला रडूच आलं. मी उठून ताईला स्टूल दिलं. तिनं डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"पाणी सार्थकी लागलं बघ," ती म्हणाली. "आमच्या रानात औंदा एवढंबी हिरवं नाय."