बैरा नावाचं शहर

बीडहून निघालेली एसटी मांजरसुंब्याला थांबली होती. कंडक्टरनं दहा मिनिटं दिली, लोक चहाला उतरले आणि मी गुडघ्यांच्या भीतीनं खिडकीशीच बसून राहिलो. केजला एका लग्नाला निघालो होतो. तेवढ्यात फोन आला. गंगाधरची मुलगी रंजना बोलत होती. "काका, बाबा गेले. सकाळी चहा घेता घेता मान टाकली..." मी "निघालो" म्हणालो आणि फोन बंद केला. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोण होतं हो?" मी म्हणालो, "मित्र." आज खरं लिहायलाच बसलोय तर हेही लिहितो, की रडू यायच्या आधी मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. गंगाधरला सांगायची एक गोष्ट किती वर्षं मी छातीवर घेऊन फिरत होतो, आणि आता ती सांगावी लागणार नव्हती...

गंगाधरनं आणि मी एकाच कॉलेजात इतिहास शिकवला. विभागात आम्ही दोघंच. कॉलेजचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण यात जे चुकलं ते माझं चुकलं. तेरावं झाल्यावर कॉलेजात शोकसभा झाली, तेव्हा सगळ्यात जुना स्नेही म्हणून मला बोलायला उभं केलं. मी बोललो. त्याची शिस्त, त्याचं अक्षर, त्याचं पोरांवरचं प्रेम. आणि शेवटी म्हणालो, "आफ्रिकेतल्या बैरा या बंदराचा इतिहास ते लिहीत होते. तो ग्रंथ अपुरा राहिला, ही आपल्या सगळ्यांची हानी आहे." दुसऱ्या दिवशी ते स्थानिक पेपरात छापून आलं. गंगाधरच्या नातवानं ती बातमी आजीला, म्हणजे कौसावहिनींना, वाचून दाखवली. पुढच्या आठवड्यात मी घाटनांदूरला त्यांच्या घरी गेलो, तर वहिनी पाण्याचा तांब्या पुढं ठेवून सरळ म्हणाल्या, "भावजी, अपुरा कावून म्हणले? पाच वह्या हायेत पेटीत. शेवटल्या पानावर त्यांनी समाप्त लिवलंय. मला चांगलं ध्यानात हाय, मी त्या दिवशी शिरा केलता."

याचं उत्तर द्यायला फार मागं जावं लागणार होतं.

आम्ही एम.ए.ला होतो तेव्हाच्या औरंगाबादेत आफ्रिकेतून शिकायला आलेली बरीच मुलं असायची. आमच्या शेजारच्या खोलीत मोझांबिक देशातला जुआंव नावाचा मुलगा राहायचा. कॉमर्सला होता, शांत होता, आणि ज्वारीची भाकरी आमच्यापेक्षा आवडीनं खायचा. एकदा गंगाधरनं मोडक्या हिंदीत त्याला विचारलं, गाव कोणतं. तो म्हणाला, "बैरा." आम्ही दोघं पोट धरून हसलो. आमच्या भागात बहिऱ्याला बैराच म्हणतात. हसून झाल्यावर गंगाधरनं त्याला अर्थ सांगितला, तर तोही हसला. म्हणाला, पोर्तुगीजमध्ये बैरा म्हणजे काठ, कड. समुद्राच्या कडेला वसलंय म्हणून लोकांना तसं वाटतं, खरं तर कुणा राजपुत्राच्या पदवीवरून ठेवलेलं नाव आहे. मग सहज म्हणाला, "आमच्याकडे पहिली रेल्वे टाकायला तुमच्या देशातले मजूर आणले होते. तापानं मेले. कुठं पुरले, कुणालाच माहीत नाही." त्या वाक्यावर गंगाधरचं हसणं थांबलं. माझं थांबायला थोडा वेळ लागला.

तिथून त्याला ते शहर चिकटलं ते चिकटलंच. नोकरी लागली, लग्न झालं, रंजना झाली, पण बैरा सुटलं नाही. जुआंव परत गेल्यावर दोघांची पत्रं चालू राहिली. गंगाधर शब्दकोश घेऊन पोर्तुगीज शिकला. बोलता येत नव्हतं, वाचता यायचं. दर दिवाळीच्या सुट्टीत जुने पोर्तुगीज कागद बघायला पणजीला जायचा. वहिनी शेजारणींना सांगायच्या, "लोकं गोव्याला दर्यात न्हायाला जातेत, आमचे मालक कागदं हुंगायला जातेत." तो हे ऐकून खूश व्हायचा. आल्यावर आठवडाभर माझं डोकं खायचा. पुंग्वे नदीच्या मुखाशी नुसती दलदल कशी होती, पोर्तुगालच्या राजानं तो सगळा मुलूखच एका कंपनीला कसा देऊन टाकला, पत्र्याची घरं कशी उभी राहिली, रस्त्यात वाळू इतकी की चाक चालेना, म्हणून रुळांवर ट्रॉल्या टाकल्या आणि त्यात गोरे साहेब बसायचे, मागून ढकलायला काळी माणसं. मागच्या मुलखातल्या इंग्रजांना समुद्र हवा होता, म्हणून बंदराला भाव आला. हे सगळं तो असं सांगायचा, जणू काल बाजारातून येताना बघून आलाय.

एकदा घाटनांदूरच्या फलाटावर परळीकडं जाणाऱ्या गाडीची वाट बघत उभे होतो. त्यानं बुटाच्या टोकानं रुळांकडं दाखवलं. "हे बघ बे शेष्या. इथल्या स्टेशनाचं नाव लिहिलंय, समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलीय. रूळ कुणी टाकले ते लिहिलंय का?" मी म्हणालो, "तू लिही." तो म्हणाला, "लिहितोच हाय ना बे."

आणि त्यानं लिहिलं. पाच वह्या भरल्या. त्याच सुमारास कॉलेजला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती आणि त्या निमित्तानं प्राध्यापकाचं एक पुस्तक काढायचं ठरलं. एकच. गंगाधरनं त्याच्या वह्या दिल्या. मी आमच्या तालुक्यातल्या जुन्या बारवांवर, पायऱ्यांच्या विहिरींवर, लिहिलेलं बाड दिलं. समितीत आफ्रिकेतलं कळणारं कुणी नव्हतं. त्यामुळं गंगाधरच्या वह्यांवर गुप्त अभिप्राय द्यायला प्राचार्यांनी मलाच सांगितलं. त्यांना वाटलं, मित्र आहे, समजून वाचेल. माझंही बाड शर्यतीत आहे, याची मी त्यांना आठवण करून द्यायला हवी होती. नाही दिली.

बैठकीत प्राचार्यांनी वहीवरचं नाव मोठ्यानं वाचलं, "बैरा शहराचा इतिहास... हे काय आहे?" मी म्हणालो, "सर, बैऱ्याचा इतिहास आहे, ऐकणार कोण?" सगळे हसले. शिपाईसुद्धा हसला. त्या हसण्यातच निकाल लागला होता. तरी कागद लागतो म्हणून मी सहा ओळींचा अभिप्राय टाईप करून दिला. विषयाचा आपल्या भागाशी संबंध नाही. भाषा ग्राम्य आहे. आफ्रिकेतल्या मजुरांविषयी लिहिताना लेखक 'कोयता' हा शब्द वापरतात, त्याचा खुलासा कुठेही नाही. खाली सही नव्हती. माझं बारवांचं पुस्तक निघालं. सत्कार झाला, शाल मिळाली. पहिली प्रत मी गंगाधरला दिली.

तो अभिप्राय घेऊन गंगाधर माझ्याच घरी आला. दुसऱ्या कुणाकडं जाणार? सोप्यात बसून त्यानं कागद माझ्या हातात दिला. "वाच बे. कोण शहाणा हाय हा?" मी वाचल्यासारखं केलं. तो म्हणाला, "यानं अकरा पानाच्या पुढं वाचलेलं न्हाई. कोयता शब्द नवव्या पानावर येतो, खुलासा बाराव्या पानावर हाय. चांगला पानभर हाय." मी म्हणालो, "जाऊ दे, असले लोक असतातच." मी असं म्हणालो... माझ्याच विषयी. चहा झाला. जाताना चपला घालता घालता तो म्हणाला, "आपल्या माणसानं वाचून नको म्हणलं असतं ना, तर काही वाटलं नसतं बघ."

मी खरोखर अकराच पानं वाचली होती.

माझा विनोद मात्र पुढं चालत राहिला. समितीतून स्टाफरूममध्ये, तिथून पोरांत. पुढं कित्येक वर्षं पोरं त्याला पाठीमागं 'बैरे सर' म्हणायची. त्याच्या कानावर गेलं तेव्हा तो वर्गात म्हणाला, "नाव चांगलं हाय. पण पेपर तपासायला डोळे लागतात, कान नाही." पोरं खिदळली. वह्या मात्र त्यानं पुन्हा कुणालाच दाखवल्या नाहीत. मी एकदा उगाच विचारलं, तर म्हणाला, "पेटीत हायेत. भाकरी मागत न्हाईत."

निवृत्त झाल्यावर त्याला खरंच ऐकू येईनासं झालं. आधी डावा कान पार गेला, मग उजवाही मंद झाला. मशीन आणलं होतं, त्यात कुकरच्या शिट्ट्याच फार ऐकू येतात म्हणून त्यानं ते कपाटात टाकलं. त्याच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला बसून ओरडावं लागायचं. घरातले सगळे ओरडून बोलायचे, दूधवालासुद्धा. मी महिन्यातून एकदा बीडहून जायचो आणि जेवण होईपर्यंत माझा घसा बसायचा.

काही वर्षांपूर्वी त्या किनाऱ्यावर मोठं चक्रीवादळ झालं. बैरा बुडालं. मी गेलो तेव्हा तो टीव्हीसमोर बसला होता, आवाज बंद करून. त्याला तसाही नको होता. पडद्यावर नुसतं पाणी आणि छपरांवर बसलेली माणसं दिसत होती. जुआंवला फोन लागत नव्हता. रंजना सारखी लावून बघत होती. गंगाधर माझ्याकडं न बघता म्हणाला, "माझं गाव बुडालं बे." आणि रडला. मी त्याला रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा नाही. रंजना फोन घेऊन बाहेर अंगणात गेली. खोलीत आम्ही दोघंच उरलो. तेव्हा मी ते सांगितलं. "गंगाधर, तो अभिप्राय मी लिहिला होता."

लोकांना वाटेल, सांगून टाकलं म्हणजे सुटलो. म्हणून नीट लिहितो. मी त्याच्या डाव्या बाजूला बसलो होतो. आणि हळू बोललो. त्याला फक्त माझे ओठ हललेले दिसले. "काय म्हणलास?" त्यानं विचारलं. मी उजवीकडं जाऊन ओरडून सांगितलं, "लागंल फोन, काळजी करू नको म्हणलो." फोन दोन दिवसांनी लागला. जुआंव सुखरूप होता. मी मात्र पुन्हा काही बोललो नाही.

त्या दिवशी वहिनींनी विचारल्यावर मी पाचही वह्या मागून घेतल्या आणि बीडला आणून वाचल्या. पहिल्या पानापासून. बाराव्या पानावर खुलासा आहे, तो म्हणाला होता तसा चांगला पानभर आहे. पोर्तुगीज कागदांत मजुरांना माणसं म्हणत नव्हते, बाहू म्हणत. इतके बाहू हवेत, इतके बाहू कमी पडले. त्याखाली गंगाधरनं लिहिलंय, "हा हिशोब मला परका वाटला नाही. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोंना मिळून एक कोयता धरतात. माझे आईवडील मिळून एक कोयता होते. मी त्या कोयत्याच्या घरी जन्मलो, म्हणून हे कागद मला वाचता आले." माझे वडील ऊसतोड टोळ्यांचे मुकादम होते. कोयता हा शब्द आमच्या घरी रोज उच्चारला जायचा. दर दिवाळीनंतर टोळ्या आमच्याच दारातून ट्रकमध्ये चढायच्या. मी तो शब्द मागं टाकून प्राध्यापक झालो होतो, म्हणून तर तो नवव्या पानावर दिसल्याबरोबर मला ग्राम्य वाटला. बीडच्या माणसानं बैऱ्याचा इतिहास का लिहावा, याचं उत्तर माझ्यापासून एका पानावर होतं.

वह्या परत द्यायला गेलो तेव्हा वहिनी ओसरीवर शेंगा फोडत होत्या. मी समोर बसून सगळं सांगितलं. बैठक, विनोद, अभिप्राय, डावा कान, शोकसभा. त्या शेंगा फोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "बारवाचं पुस्तक तुमी दिलतं ना आमाला. त्यांनी दोनदा वाचलं. लई चांगलं झालंय म्हणलेते."

"वहिनी, माफ..."

"मला मागू न्हका. माझं पुस्तक हुतं का ते?" टरफलं सुपात गोळा करून त्या उठल्या. "खोटं पेपरात छापून आलंय. खरंबी पेपरातच येऊ द्या. आन् पाठवायच्या आधी मला वाचून दाखवा. तुमचा काय भरवसा!"

म्हणून हे लिहिलं. गंगाधरनं त्याचा ग्रंथ पुरा केला होता. तो मी अडवला, न वाचता अडवला, आणि तो गेल्यावर त्याच्यावरच अपुरेपणाचा ठपका ठेवला. रंजनानं आता वह्या टाईप करायला घेतल्यात. पोर्तुगीज नावं जुआंवकडून तपासून घेतेय. पुस्तक निघेल तेव्हा निघेल. त्यावर माझं नाव कुठंही नको, एवढं मी तिला सांगितलंय.

काल हा लेख घेऊन घाटनांदूरला गेलो. वहिनी गंगाधरच्या खोलीत, त्याच्या खाटेवर बसल्या. मी उजव्या बाजूच्या खुर्चीवर बसलो, तिथंच बसायची सवय. वाचायला लागलो. पहिला परिच्छेद होतो न होतो तोच त्यांनी हात वर केला.

"हळू वाचा, भावजी. वरडू न्हका. आता ऐकणारी मी एकटीच हाय."

मी थांबलो, पाणी प्यालो, आवाज खाली आणला. दोन ओळी जेमतेम गेल्या असतील... पुन्हा ओरडूनच वाचत होतो. वहिनींनी दुसऱ्यांदा हात वर केला नाही.