मधली मशीन

कंट्रोलर मामा गावाहून परतले की दारात साठलेली वर्तमानपत्रं उचलत, तारखेप्रमाणे लावत आणि सगळ्यांत जुनं आधी उघडत. ती सगळी वाचून होईपर्यंत आजची बातमी त्यांना सांगायला बंदी होती. निवडणुकीचा निकाल लागला त्या दिवशी ते औरादच्या पाहुण्यांकडून आले होते. मी जिन्यावरून नुसतं "मामा, कळलं का?" एवढंच विचारलं, तर त्यांनी दोन्ही कान झाकले. "थांबा पत्रकार. माझ्याकडं आजून प्रचारच चालू हाय."

मी तेव्हा एका मराठी दैनिकाचा बसवकल्याणचा बातमीदार होतो आणि मामांच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. मामा बसस्टँडवरून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले होते. उमरग्याची गाडी सुटल्याशिवाय सोलापूरची फलाटावर घ्यायची नाही, या शिस्तीत त्यांची सगळी नोकरी गेली होती आणि निवृत्तीनंतर ती शिस्त घरात आली. त्यांची पत्नी मराठी शाळेतली निवृत्त शिक्षिका होती. गल्ली त्यांना अक्का म्हणे. मामा मात्र त्यांना 'बाई' म्हणत, विद्यार्थी म्हणायचे तसं. आणि त्या मामांना 'कंट्रोलर' म्हणत.

मामांचा दुसरा स्वभाव काळजीचा. गाडी वेळेवर आली नाही की बाकीचे कंट्रोलर चहाला जात, मामा फोनजवळ उभे राहत. "गाडी दिसंना म्हणलं की माझ्या डोक्यात ती पलटीच झालेली असती," असं ते सांगत. "आली की मग सरळ हुती." घरातही तसंच. अक्का भाजीला गेल्या आणि जरा वेळ झाला की ते फाटकापर्यंत जात, परत येत, पुन्हा जात. अक्का कोपऱ्यावरूनच ओरडत, "आले, आले! पलटी न्हाई झाले."

एका सकाळी अक्का खरंच पडल्या. पक्षाघाताचा झटका होता, उजव्या अंगावर. जीव वाचला, बोलणं परत आलं, पाय ओढत चालणंही आलं. उजव्या हाताची मूठ मात्र मिटून बसली आणि अंगठा मुठीच्या आत अडकला.

घरी आल्यावर त्या पेन्शन काढायला बँकेत गेल्या. उजव्या हाताने सही होईना. क्लार्क तरुण होता, वागायला चांगला होता. त्याने शाईचा पॅड पुढे सरकवला आणि कानडीत म्हणाला, "हेब्बेट्टु हाकिरी, अक्का." अंगठा लावा, एवढाच त्याचा अर्थ. अक्का पैसे न काढता उठून घरी आल्या.

अक्कांचे वडील मादन हिप्परगा गावाकडे दुसऱ्यांच्या रानात राबत. रेशनच्या दुकानात असो की पंचायतीत, त्यांनी आयुष्यभर अंगठाच उठवला. त्या घरातली पहिली सही अक्कांची. त्या दिवशी त्यांनी जेवण केलं नाही. संध्याकाळी मामांना एवढंच म्हणाल्या, "नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा हाय. तेच्यावर मी सहीच करणार. अंगठा लावायचा असंल तर पेन्शन ऱ्हाऊ द्या तिकडंच."

तेव्हा उन्हाळा सुरू होत होता. सरकारी दवाखान्यात व्यायाम घ्यायला उदगीरची एक मुलगी होती. तिने मामांना बाजूला घेऊन सांगितलं की हातात जे परतायचं ते बहुतेक पहिल्या काही महिन्यांतच परततं; नंतर वेग कमी होतो. मामांच्या डोक्यात त्या दिवसापासून घड्याळ सुरू झालं. अक्कांच्या हातात पेन दिलं तर ते गळून पडे. जन्मभर फळ्यावर लिहिलेल्या बाईच्या हातातून पेन पडतं हे कुणी पाहिलं की त्या हात पदराखाली घेत. मग त्यांनी पेन धरणंच सोडलं. त्या मुलीने सुचवलं, फिरवायला काहीतरी द्या, रेडिओच्या बटणासारखं, मनगटासाठी.

मामांचा भाचा हैदराबादेत जुन्या इलेक्ट्रॉनिक मालाचं दुकान चालवत होता. त्याने एक डबा पाठवला. घरी टीव्हीला लावून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या अगदी पहिल्या पिढीतला. दोन गोल बटणं, काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या रेघा आणि इकडून तिकडे जाणारा एक ठिपका. बटण फिरवलं की रेघ वर-खाली होते, ठिपका परतवायचा. मामांचा जुना फुगीर टीव्ही माळ्यावरून खाली आला. त्या मशीनवर एकट्याला खेळता येत नव्हतं, समोर माणूस लागायचा. म्हणून मामा समोर बसले.

पहिल्या दिवशी ते मुद्दाम हरत होते. अक्कांच्या लगेच लक्षात आलं. "कंट्रोलर, नीट खेळा. म्या बी मास्तरीण हाय, कच्चं पोरगं म्हणून पास करायलाव का मला?"

रोज सकाळी अंघोळ झाली की दोघं खेळायला बसत. ठिपक्याच्या नादात अक्का हाताकडे बघायचं विसरत आणि तेवढ्यात मनगट वळे. मामांचं सगळं लक्ष अक्कांच्या हातावर असे, म्हणून ते खरोखरच हरू लागले. कोपऱ्यावरच्या चहावाल्या चाचांनी त्यांना हटकलं, "क्या कंट्रोलर साब, बुढापे में गेम खेलरे कते?"

"खेलरा नै चाचा," मामा म्हणाले, "ड्यूटी कररा."

मनगट वळू लागल्यावर मामांनी भाच्याला फोन केला. "हिच्यानंतर कोणती निघाली?" भाच्याने क्रम सांगितला. दुसऱ्या मशीनला उभा दांडा आणि एक बटण होतं. खोकं डाव्या हातात धरायचं आणि दांडा उजव्या मुठीत पकडून ढकलायचा. तिसरीला टेलिफोनसारखी आकड्यांची बटणं, एकेका बोटाने दाबायची. चौथी आपल्याकडे पुढे घरोघरी आली ती, कॅसेटवाली: डाव्या अंगठ्याने दिशा द्यायची, उजव्या अंगठ्याने दोन बटणं दाबायची. मामांना हा क्रम फार पटला. आधी मनगट, मग मूठ, मग बोटं, मग अंगठा. "ज्येंनी ह्या मशिनी बनवल्या तेंनी बी माणसाचा हात असाच हळूहळू शिकवला आसंल," ते मला म्हणाले. "मधी उडी मारून चालायचं न्हाई."

दांड्याची मशीन आली तेव्हा व्होल्टेजचा त्रास सुरू झाला. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की घरातला दिवा पिवळा पडे. अक्का पडद्याकडे बघत, मामा स्टॅबिलायझरच्या काट्याकडे. तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा ते अडॅप्टरला उलटा हात लावून बघत. करंट गेला की गेम पुसला जाई, कारण त्या मशिनींत काही साठवून ठेवायची सोयच नव्हती. मामा दारात जाऊन गल्लीत कुणाकुणाकडे वीज आहे ते बघत. अक्का शांत बसून असत. "परत पह्यल्यापासून," त्या म्हणत. "शाळेत बी दर जूनमधी हेच करायचे."

मूठ दांड्याभोवती बसू लागली. सोडवताना मात्र बोटं डाव्या हाताने उलगडावी लागत आणि अंगठा आतच राहिलेला असे. पावसाळा लागला. आता पाळी तिसऱ्या मशीनची होती आणि ती मिळेना. ती आपल्याकडे फार आलीच नव्हती. भाच्याने हैदराबादेतले आपले सगळे ओळखीचे दुकानदार पालथे घातले, शेवटी चौथीच पाठवून दिली आणि फोनवर म्हणाला, "मामा, मधली न्हाई भेटत. ही घ्या, चालू करा."

मामांनी तो खोका न उघडता कपाटात ठेवला.

त्यानंतरचे आठवडे वाईट गेले. अक्का जुनीच दांड्याची मशीन खेळत होत्या आणि कंटाळत होत्या. मामा रोज हैदराबादला फोन करत. दवाखान्यातल्या मुलीने त्यांना सरळ विचारलं, "मामा, कामून थांबलाव? दिवस चाललेत." मामा म्हणाले, "बोटं सुटी झाल्याबिगर अंगठ्याकडं कसं जायाचं?" ते बोलणं चुकीचं वाटत नव्हतं, म्हणून कुणी जोर केला नाही. पण ते रात्री झोपत नसावेत असं चेहऱ्यावरून दिसे. गणपती आले आणि गेले. मामा कॅलेंडरसमोर उभे राहून पुढची पानं उलटून बघत आणि परत खाली सोडत.

शेवटी एका रविवारी ते स्वतःच हैदराबादला गेले, जुन्या बाजारात ती मशीन हुडकायला. पहिल्या गाडीने गेले. दुपारी अक्कांनी मला खालून हाक मारली. कपाट उघडं होतं.

"पत्रकार, येवढं टीव्हीला जोडून द्या."

मी म्हणालो, "मामा रागावतील."

"रागवंनात का." त्या हसल्या नाहीत. "मशीन मिळंना म्हणून न्हाई थांबले ते. ही लावली आन् माझा अंगठा न्हाई हालला तर काय, ही भीती हाय तेंला. मधली मिळंस्तोवर ते कळत न्हाई, म्हणून मधली हुडकायलेत. भीती मला बी हाय. पण बँक काय माझ्यासाठी नोव्हेंबर पुढं ढकलती व्हय?"

मी वायरी जोडल्या. पडद्यावर एक माणूस पळत होता आणि वाटेत खड्डे होते. खड्डा आला की उजव्या अंगठ्याने बटण दाबायचं, म्हणजे तो उडी मारतो. अक्कांनी डाव्या हाताने उजवा अंगठा मुठीतून बाहेर काढला आणि बटणावर ठेवला. माणूस पळाला आणि खड्ड्यात पडला. परत पळाला, परत पडला. बराच वेळ हेच चाललं. अक्कांच्या कपाळावर घाम आला होता. मी बंद करू का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "गप बसा." मग एकदा तो माणूस उडाला. फार उशिरा उडाला, खड्ड्याच्या पलीकडच्या काठाला धडकून पडला, पण उडाला.

संध्याकाळी मामा परत आले. पिशवी रिकामी होती. दारातूनच त्यांना पडदा दिसला, मग अक्कांच्या हातातली मशीन दिसली. ते चप्पल न काढता उभे राहिले.

"मधली?" त्यांनी विचारलं.

"रद्द," अक्का म्हणाल्या आणि खड्डा आला तेव्हा बटण दाबलं.

मामा खाली बसले. ते हसले नाहीत, रडलेही नाहीत. त्यांनी अक्कांना पुन्हा एकदा दाबायला लावलं, आणखी एकदा लावलं. मग विचारलं, "हे कवापास्नं हालत आसंल?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अक्कांना थांबू दिलं नाही. जाड पेनाला कापड गुंडाळून दिलं, सकाळी गेम आणि दुपारी पेन. दवाखान्यात जाऊन त्यांनी त्या मुलीला विचारलं, "पावसाळ्यात थांबलो नसतो तर हात आजून सुधारला आसता का?" ती खरं बोलणारी होती. म्हणाली, "सांगता येत न्हाई, मामा." माझ्या माहितीप्रमाणे हा प्रश्न त्यांनी पुढेही विचारला. बिदरच्या मोठ्या डॉक्टरांना, भाच्याला आणि एकदा जिन्यात मला. अक्कांना मात्र कधीच नाही. गाडी न आलेल्या कंट्रोलरसारखे ते त्या प्रश्नापाशी उभे राहत. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचं हृदय थांबलं. माणूस ज्या काळजीने झिजला त्याच काळजीने त्याला अडवलं होतं, ही गोष्ट मी बातमीदार म्हणून लिहून काढली असती तर एका ओळीत बसली असती. त्यांना ओळखणाऱ्याला ती तशी बसवता येत नाही.

तो नोव्हेंबर मात्र त्यांनी पाहिला. मला ते आठवतात ते त्या सकाळचे.

बँक उघडायच्या आधीच आम्ही तिघं तिथे होतो. मामांनी घरून निघताना तीन पेनं घेतली होती आणि रस्त्यात प्रत्येक चालतं का ते बघितलं होतं. शटर वर गेलं. अक्का काउंटरपाशी बसल्या. क्लार्क तोच होता. त्याने कागद पुढे केला, पॅडकडे हात नेला आणि अक्कांच्या हातात पेन बघून थांबला. अक्कांनी सही केली. नावातलं एक अक्षर रेषेखाली घसरलं, शेवटचं कागदाच्या कडेला गेलं. क्लार्कने संगणकावरची जुनी सही बघितली आणि अवघडून म्हणाला, "अक्का, जुळत न्हाई ओ ही."

"हात बदललाय," अक्का म्हणाल्या. "बाई तीच हाय. नवी सही घेता येती का न्हाई ते सांगा."

घेता येत होती. त्याने नमुन्याचं कार्ड आणलं. त्यावर पुन्हा पुन्हा सही करायची होती. मी मामांकडे वळलो, तर शेजारी मामा नव्हते. ते बाहेर, पायऱ्यांच्या खाली, रस्त्याकडे तोंड करून उभे होते. बँकेची काच पाठीमागे होती. आत बघितलं की काहीतरी पलटी होईल, असं उभं राहणं होतं ते.

अक्कांनी घाई केली नाही. प्रत्येक सहीनंतर हात टेबलावर ठेवून अंगठा मोकळा केला, मग पुढची सही. क्लार्कने कार्ड उजेडात धरलं, मान हलवली आणि शिक्का मारला. अक्का पाय ओढत बाहेर गेल्या आणि मामांच्या खांद्यावर मागून हात ठेवला. मामा दचकले.

"झालं?"

"झालं. तुम्ही कामून भाईर उभारलाव?"

मामांनी रुमालाने तोंड पुसलं. "आत लई गर्दी होती," ते म्हणाले.

बँकेत तोपर्यंत क्लार्क, अक्का आणि मी, एवढेच होतो.