फॉर इन्स्टन्स सर

इंग्रजीच्या तासाला सर फळ्याकडे वळले की आम्ही श्वास रोखून बसायचो. मागे फिरल्यावर त्यांचं बोट कुणावर थांबेल याचा नेम नसे. बोट थांबलं की एकच शब्द यायचा, "उदाहरण?" मग उभं राहून आधी ठरवायचं, उदाहरणाची सुरुवात कशानं करायची. फॉर एक्झाम्पल, फॉर इन्स्टन्स की सच ॲज? चुकलं तर सर मारत नसत, ओरडतही नसत. नुसते बघत राहायचे. त्यापेक्षा छडी परवडली असती.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर थोड्याच वर्षांतली ही गोष्ट. सर तिकडचे, पण इकडेच, आंधळगावच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात शिकवायला राहिलेले. "सच ॲजच्या मागं नावंच येतात," ते म्हणायचे. "धान, जवस, लाखोरी. पुरं वाक्य त्याले झेपत नाही." आणि उरलेले दोन? "पुस्तकवाले म्हणतात, दोन्ही एकच. असतील. मी फरक करतो. फॉर एक्झाम्पल म्हणजे नमुना, मनानं रचला तरी चालते. फॉर इन्स्टन्स म्हणजे घडलेलं. घडलं नसल तं तोंडातून काढू नका." या हट्टापायी आम्ही पाठीमागं त्यांना फॉर इन्स्टन्स सर म्हणायचो.

त्या वर्षी मला सरांपेक्षा मोठं भेव होतं. आमच्या गावाहून कॉलेजला येताना नहराचा पूल लागायचा. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या तिथं मोटारसायकल आडवी लावून उभा असायचा. एके दिवशी त्यानं माझ्या सायकलचं हँडल धरलं, ओढणी ओढली आणि म्हणाला, "घरी सांगितलं तं तुह्या बापाले मजुरीवर कोणी बोलावणार नाही." घरी सांगितलं असतं तर माझं कॉलेज त्याच दिवशी बंद झालं असतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात सरांचं बोट माझ्यावर थांबलं. मी उभी राहिले आणि रडू फुटलं. तास संपल्यावर सरांनी मला थांबवलं.

"मले पाहून भेली का?"

"नाही सर. तुमचं भेव नाही."

"मग कोणाचं?"

मी सांगितलं. नाव ऐकताच सरांचा चेहरा उतरला. दाराबाहेर कोणी आहे का ते त्यांनी पाहिलं. "माझी नोकरी अजून पक्की नाही इथं," ते हळूच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू बोलशील तं मी संग येतो. नाही बोलली तरी तुले काही म्हणणार नाही."

आम्ही अध्यक्षांच्या खोलीत गेलो. प्राचार्यही तिथंच बसले होते. अध्यक्ष म्हणाले, "त्रास, त्रास म्हणता. त्रास म्हणजे काय? काही उदाहरण?" प्राचार्य हसले. "पोरं आहेत साहेब. फॉर एक्झाम्पल, गाणंबिणं म्हणत असतील."

सरांनी समोरच्या खुर्चीची पाठ धरली होती. ती खुर्ची फरशीवर खडखडत होती.

"फॉर एक्झाम्पल नाही साहेब," ते म्हणाले. "फॉर इन्स्टन्स." मग मला म्हणाले, "सांग बेटा. घडलं तेवढंच. एक शब्द जास्त नको."

 मी सांगितलं. पूल, हँडल, ओढणी, बापाच्या मजुरीचं बोलणं, सगळं. अध्यक्षांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. शेवटी प्राचार्यांनी पंखा वाढवला आणि आम्हाला जायला सांगितलं.

अध्यक्षांनी पुतण्याला नागपूरला पाठवून दिलं. पण महिना उलटायच्या आत सरांचीही बदली झाली, मध्य प्रदेशच्या सीमेवर बपेऱ्याला, संस्थेच्या लहान शाळेत. निरोप द्यायला आम्ही चार मुली बस स्टँडवर गेलो.

"सर, माझ्यामुळं..."

"तुह्यामुळं कायले? तू काय केलं?" त्यांनी पेटी उचलली. "मले हिंमतवाला समजून राहिली असशील तं समजू नको. त्या खोलीत खुर्ची धरली नसती तं पडलो असतो."

सर बसमध्ये चढले. खिडकीतून त्यांनी हात हलवला. पानठेल्यापाशी अध्यक्षांची जीप उभी होती आणि आतून कोणीतरी आमच्याकडं बघत होतं. बाकीच्या मुलींनी माना खाली घातल्या. मी हात वर केला. बस वळणाआड जाईपर्यंत मी तो खाली घेतला नाही.